अरुंधती दिसली का?

(मंगरूळपीर येथे ८ मार्चच्या संध्याकाळी भरलेल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून तुम्ही पुष्कळ भाषणं ऐकली. रेशनचं झालं, दारूबंदीचं झालं, बचत गटाच्या कर्जाचं झालं. आता साडेसात वाजलेत. काहीजणींना शेवटची एस.टी. गाठायची आहे, त्या उठल्या तर मी मुळीच रागावणार नाही. पण ज्या आज इथेच मुक्कामाला आहेत त्यांना घेऊन मला नऊ वाजता गच्चीवर जायचं आहे. ‘मी ताऱ्यावर बोलते’ असं म्हटल्यावर आपल्या कार्यकर्त्या हसल्या. महिला दिनाला तारे कशाला? तर एक तारा असा आहे की तो आपल्याकडे बाईला आयुष्यात एकदाच, मुद्दाम बोट करून दाखवतात. लग्नाच्या दिवशी. ‘अरुंधती बघ’ म्हणतात.

ज्यांना लग्नात अरुंधती दाखवली त्यांनी हात वर करा बरं. ... बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. आता ज्यांना ती खरोखर दिसली होती त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) एक... दोन. त्या मागच्या मावशी, नक्की ना? (हशा)

मी माझंच सांगते. माझं लग्न मार्गशीर्षात झालं, याच भागात, गोरज मुहूर्तावर. मला चौदाव्या वर्षी चष्मा लागला होता. पण मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आई तो काढून कपाटात ठेवायची. ‘चष्मिस पोरगी कोण करून घेईल?’ लग्नातही चष्मा नव्हता. सप्तपदी झाली, मग आम्हा दोघांना मांडवाच्या बाहेर आणलं. गुरुजींनी उत्तरेकडे हात केला. मला मांडवाचा बल्ब दिसत होता, तोही भोपळ्याएवढा. गुरुजींनी विचारलं, दिसली का? मी गप्प. तर मागून नवऱ्याकडच्या एक आत्याबाई कानाशी म्हणाल्या, ‘दिसली म्हन नं, बाई.’ मी म्हणाले, दिसली. सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

सासरी आल्यावर बोललेलं माझं ते पहिलं खोटं. पुढे अशी बरीच बोलले. ‘जेवलीस का?’ ‘जेवले.’ ‘काही त्रास नाही ना?’ ‘नाही.’ तुमच्याही ओळखीचीच आहेत ती.

खरी गंमत मला कितीतरी वर्षांनी कळली. शाळेत विज्ञान शिकवायला लागले, मुलांना रात्री आकाश दाखवायचं म्हणून नकाशे घेऊन बसले. तेव्हा लक्षात आलं की माझ्या लग्नाच्या संध्याकाळी अरुंधती आकाशात नव्हतीच! चष्मा असता तरी दिसली नसती. मंगरूळपीरच्या आकाशात ती रोज जवळपास आठ तास क्षितिजाखाली असते. मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, ती दुपारी चारच्या सुमारास मावळते आणि उगवते मध्यरात्रीच्या आसपास. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मांडव पडायला लागतात. त्या दिवसांत तर ती रात्री एक-दीड वाजता उगवते. चैत्र-वैशाखाच्या लग्नांत मात्र ती संध्याकाळी उत्तरेला चांगली वर असते, मे महिन्यात दहाच्या सुमाराला सगळ्यात उंच. पण दिवसाढवळ्याच्या मुहूर्तावर? तेव्हाही बोट दाखवतातच. नवरीने ‘दिसली’ म्हणायचं असतं. तारा आकाशात आहे की नाही, हे कुणी बघतच नाही.

कायद्याचं एका वाक्यात सांगते, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ७ आहे. ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. त्यात अरुंधतीचा उल्लेख नाही. ती दिसली नाही म्हणून कुणाचं लग्न कच्चं राहत नाही.

आता ही अरुंधती कोण? सप्तर्षी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्या अगदी कुशीत एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. चंद्राच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश एवढंच अंतर दोघांत दिसतं. नजर चांगली असेल तर दोन दिसतात, नाहीतर एकच. सात ऋषी, आणि त्यातल्या एकाचीच बायको सोबत.

बाकीच्या सहाजणी कुठे गेल्या? हा प्रश्न मला कुणी लग्नात सांगितला नाही. त्याचं उत्तर महाभारताच्या वनपर्वात आहे. अग्नीचं मन सप्तर्षींच्या बायकांवर गेलं. स्वाहेला अग्नी हवा होता, म्हणून तिने एकेका ऋषिपत्नीचं रूप घेतलं आणि त्याच्याकडे गेली. सहाजणींची रूपं तिला घेता आली, अरुंधतीचं घेता आलं नाही, कारण तिचं पातिव्रत्य आणि तप मोठं. पुढे कार्तिकेय जन्मला आणि बोभाटा झाला की तो या सहाजणींचा. ऋषींनी सहाही जणींना घराबाहेर काढलं. स्वाहा स्वतः सांगत होती की मूल माझं आहे. विश्वामित्राला सगळं ठाऊक होतं, त्यानेही ऋषींना सांगितलं की तुमच्या बायकांचा काही दोष नाही. ऐकून घेतलं, आणि तरीही टाकलं! मग त्या सहाजणी कार्तिकेयाकडे गेल्या, म्हणाल्या, आम्हाला कारण नसताना टाकलं, तू आमचा मुलगा हो. त्यांना आकाशात जागा मिळाली, पण नवऱ्यांच्या शेजारी नाही. त्या कृत्तिका झाल्या. सप्तर्षींपासून पार दूर, आकाशाच्या दुसऱ्या भागात एक छोटा पुंजका आहे, साध्या डोळ्यांना बहुधा सहाच तारे दिसतात.

संशयावरून टाकलेल्या बायका. दोन साक्षी झाल्या, तरी टाकलेल्या. आपल्या केंद्रावर येणाऱ्या अर्जांत यापेक्षा वेगळं काय असतं? संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा ‘टाकलेली’ हा शब्द पहिल्यांदा उघड्या मंचावर आला आणि बायका आपल्या तोंडाने आपलं सांगायला लागल्या. तोवर ती घराघरातली कुजबुज होती. पोटगीचं जुनं कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे, आणि ते सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे, हे इथल्या मुस्लिम मैत्रिणींनीही लक्षात ठेवा.

आणि आता माझ्या मार्गशीर्षातल्या लग्नाकडे परत या. त्या संध्याकाळी अरुंधती नव्हती हे सांगितलं. मग वर काय होतं? कृत्तिका! डिसेंबरच्या मध्याला दिवस मावळला की त्या पूर्वेला वर आलेल्या असतात आणि रात्री सव्वादहाच्या सुमाराला मंगरूळपीरच्या जवळजवळ डोक्यावर येतात. गुरुजी ज्या अरुंधतीकडे बोट करत होते ती जमिनीखाली होती, आणि टाकलेल्या सहाजणी माझ्या डोक्यावर होत्या. मला त्या कुणी दाखवल्या नाहीत. हे समजलं त्या रात्री मी गच्चीवर बराच वेळ बसून राहिले होते.

अरुंधतीवर माझा राग नाही. तिचंही काही धड झालेलं नाही. अथर्ववेदात अरुंधती नावाची एक औषधी वेल आहे, जखम भरून काढणारी, मोडलेलं हाड सांधणारी. तिथे ती कुणाची बायको म्हणून येत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वसिष्ठाच्या बायकोचं नाव अक्षमाला आहे, आणि अक्षमाला हे अरुंधतीचंच नाव मानलं जातं. तिथे म्हटलंय की ती हीन कुळात जन्मली, पण वसिष्ठाशी जोडली गेली म्हणून पूज्य झाली. नदी समुद्राला मिळाली की समुद्रासारखी होते, तशी बाई नवऱ्यासारखी होते, हे त्याच्याच आधीचं म्हणणं. बाबासाहेबांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळलं, ते हेच. आज इथे निळ्या साड्या नेसून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

संस्कृतात अरुंधतीच्या नावाने एक न्यायही आहे. बारीक तारा एकदम दाखवता येत नाही, म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, मग तिथून नजर सरकवायची. शिकवायला ही रीत फार उत्तम, मी वर्गात रोज वापरायचे. पण बघा, बाईचा पत्ता काय? आधी नवरा शोधा, त्याच्या बाजूला ती असेल! (हशा) आपली रेशनकार्डंसुद्धा कित्येक वर्षं याच न्यायाने चालली.

आणि ती जर पुढे गेली तर? भीष्मपर्वात युद्धाच्या आधी व्यास धृतराष्ट्राला अपशकुन सांगतात. देवांच्या मूर्ती हसतात, रक्त ओकतात, आणि त्याच यादीत हेही की अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकलं. बाई पुढे चालली, आता कुळाचा नाश ठरलेला. रोजच्या फिरण्यात प्रत्यक्षात वसिष्ठच पुढे असतो, अरुंधती त्याच्यामागून सव्वा मिनिटाने येते. तो क्रम तुमच्याआमच्या आयुष्यात बदलायचा नाही. पण बाई पुढे गेली ही कल्पनासुद्धा मूर्तीच्या रक्त ओकण्याच्या पंक्तीला बसवावी लागली.

आता जरा बाहेर जाऊ. कारण हा तारा काही आपल्या एकट्यांचा नाही. सगळ्या उत्तर गोलार्धात तो दिसतो, आणि जिथे जिथे लोकांनी वर पाहिलं तिथे तिथे त्याला वेगळं नाव दिलं. इथे गावाच्या नावातच पीर आहे, दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्माच्या बाया जातात, म्हणून आधी अरबीतलं सांगते. अरबीत या बारक्या ताऱ्याला ‘सुहा’ म्हणतात. अर्थ, दुर्लक्षित, विसरली गेलेली. तुमच्यात मुलीचं नाव सुहा ठेवतात ना? ते हेच. वसिष्ठाला जगभर जे नाव आहे ते ‘मिझार’, तेही अरबीच. कमरेला गुंडाळायचं वस्त्र. आपण इजार म्हणतो, विजार म्हणतो, त्याच शब्दाचं भावंडं. म्हणजे आपला महर्षी तिकडे नुसती लुंगी आहे! (हशा) अरबीत या सुहावर एक म्हण आहे. मी त्याला सुहा दाखवतो आणि तो मला चंद्र दाखवतो, अशा अर्थाची. बारीक गोष्ट दाखवावी आणि समोरच्याने ढोबळ गोष्टीकडे बोट करावं. ही म्हण मला पहिल्यांदा कळली तेव्हा एका पोलीस ठाण्यातला प्रसंग आठवला. आम्ही त्या पोरीच्या दंडावरचे वळ दाखवत होतो आणि साहेब आम्हाला संसार मोडू नये म्हणून सांगत होते.

इंग्रजीत आणि जर्मनीत हा तारा म्हणजे घोडेस्वार, वसिष्ठ त्याचा घोडा. चीनमध्ये त्याचं नाव मदतनीस. उत्तर अमेरिकेतले मिकमॉक आदिवासी चौकोनाला अस्वल म्हणतात आणि मागचे तारे त्याची शिकार करणारे पक्षी. त्यात आपल्या वसिष्ठाच्या जागी चिमणीएवढा एक पक्षी आहे आणि अरुंधती म्हणजे त्याने सोबत घेतलेलं भांडं, अस्वलाचं मटण शिजवायला. भांडं कुणीतरी घ्यायलाच हवं. मला हे नाव सगळ्यात आवडतं.

एवढं लांब जायला नको. आपल्या विदर्भातल्या गोंड गावांतून मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी आकाशाची माहिती गोळा केली, ती २०१३ साली छापून आली. तिथे सप्तर्षींत ऋषी नाहीतच. चौकोन ही खाट आहे, म्हातारीची खाट, आणि मागचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर. आमच्या आजीकडूनही मी लहानपणी ‘बाज आणि तीन चोर’ असंच ऐकलं होतं, शाळेत गेल्यावर ते अडाणीपणाचं वाटायला लागलं आणि सप्तर्षी पाठ केले. आता वाटतं, एका म्हातारीच्या नावावर आकाशात एक खाट तरी होती. ज्याच्या शेजारी आम्हाला पातिव्रत्य शोधायला लावलं तो तिथे मधला चोर निघाला.

जपानात एक जुनी समजूत आहे. ज्याला हा बारीक तारा दिसेनासा होतो तो वर्षाच्या आत जातो, म्हणून नाव आयुष्याचा तारा. आपल्या सुश्रुतसंहितेतही असंच आहे, ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य संपत आलं. दोन्हीकडे लोकांनी एकच गोष्ट पाहिली होती, म्हातारपणी नजर जाते. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन असं सहज होत नव्हतं. आज होतं.

हल्ली लग्नात माइक हातात आला की एक नवंच सांगतात, मोबाइलवरही फिरतं. वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती समान फिरतात, इतर जोडताऱ्यांत एक दुसऱ्याभोवती फिरतो, पूर्वजांना हे माहीत होतं म्हणून हा विधी. ऐकायला गोड आहे, स्त्री-पुरुष समानतेचं आहे, टाळ्या पडतात. पण खोटं आहे. कुठलेही दोन जोडतारे त्यांच्या मधल्या बिंदूभोवतीच फिरतात, यात या दोघांचं वेगळं काही नाही. आणि वसिष्ठ-अरुंधती एकमेकांना बांधलेले असले तर एका फेरीला लाखो वर्षं लागतील, इतके ते लांब लांब आहेत. कुणाला ती फेरी डोळ्यांनी कशी दिसणार? आपल्या बाजूचं आहे म्हणून खोटं चालवून घ्यायचं नाही. ‘दिसली म्हन नं बाई’ याचाच हा शिकलेला प्रकार आहे.

खरं जे सापडलं ते कुणी शोधलं, तेही ऐका. १६१७ साली गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याला दुर्बिणीतून दिसलं की वसिष्ठ एकटा नाही, तिथे दोन तारे आहेत. मग १८८९ साली अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत कळलं की त्या दोनातला ठळक ताराही दोन ताऱ्यांचा आहे, कुठल्याच दुर्बिणीतून तेव्हा वेगळे न दिसणारे. प्रकाश फोडून त्याचा फोटो घेतला तर त्यातली रेघ कधी एक दिसायची, कधी दोन. अशा रीतीने ओळखला गेलेला हा जगातला पहिला जोडतारा. ती दोन्ही जवळजवळ सारख्याच तेजाची आहेत आणि साडेवीस दिवसांत फेरी पूर्ण करतात. शोध जाहीर केला वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांनी, पण काचेच्या त्या पट्ट्यांवर तासन्‌तास नजर लावून रेघा तपासल्या अँटोनिया मॉरी या बाईने. तिथे अशा पुष्कळ बायका कामाला होत्या, तासाला पंचवीस सेंटच्या आसपास मजुरीवर, कारण बाई स्वस्त पडते. मॉरीने आपल्या कामावर आपलं नाव हवं म्हणून भांडण केलं, काम सोडून गेली, परत आली, आणि १८९७ साली तिची ताऱ्यांची मोठी यादी तिच्या नावाने छापली गेली.

त्याच वेधशाळेत बायकांच्या या गटावर देखरेख करायची विल्यमिना फ्लेमिंग. ती स्कॉटलंडहून नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली. दिवस गेलेले असताना नवऱ्याने टाकलं. पोटासाठी पिकरिंग यांच्या घरी धुणीभांडी करायला राहिली, तिथून वेधशाळेत कामाला लागली. तीनशेहून जास्त रूपविकारी तारे तिने शोधले. मृग नक्षत्रातला घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा ढग पहिल्यांदा लक्षात आला तो तिच्याच, १८८८च्या एका पट्टीवर. आणि ती काम करत असताना आकाशात कृत्तिकाही होत्याच.

पुढे वसिष्ठात एकूण चार तारे निघाले. २००९ साली अरुंधतीलाही एक अंधूक लाल जोडीदार सापडला. मिळून सहा. (एक बाई : म्हणजे तिचं पातिव्रत्य?) (हशा) बघा, ताऱ्यांना याची काही पडलेली नाही. आपण त्यांच्यावर लादतो.

आता नऊ वाजत आले, वर जाऊ. बाजूच्या दिव्यांना मी सांगून ठेवलं आहे, ते पंधरा मिनिटं बंद राहतील. मोबाइलची बॅटरी लावू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. पश्चिमेला तोंड केलंत तर अर्ध्या उंचीच्या थोडं खाली कृत्तिका दिसतील, आधी त्या बघा. मग मागे वळून ईशान्येला. सप्तर्षी आत्ता शेपटी खाली करून उभे आहेत, वसिष्ठ खालच्या अंगाला असेल. घाई करू नका, तो हळूहळू वर येतोय. आजचा प्रकाश तिथून सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी निघालेला आहे, स्वातंत्र्याच्या आगेमागे.

दुर्बीण एकच आहे आणि ती हातात धरायची आहे, जड नाही. म्हाताऱ्या बायांना आधी जाऊ द्या. ज्यांचा चष्मा पिशवीत आहे त्यांनी तो काढून लावा, इथे कुणी बघायला आलेलं नाही. आणि दुर्बिणीशिवाय ज्यांना एकच तारा दिसेल त्यांनी एकच दिसला असं सांगा. जिन्याजवळ वही घेऊन आपली कार्यकर्ती बसली आहे, तिच्याकडे नाव आणि गाव लिहून द्या. पुढच्या महिन्यात डोळे तपासायला न्यायचं आहे, त्या यादीची सुरुवात आज करू.

चला. चपला खालीच राहू द्या, जिना अरुंद आहे.